ज्वारी परवडत नाही, मग गाव ती का पेरतं?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. मंगळवेढा तालुक्यात वडिलांच्या वाट्याची सहा एकर कोरडवाहू जमीन आहे. पंधरा वर्षं पुण्यात नोकरी केली, आता कुटुंबासह गावी येऊन राहायचं आहे. कागदावर हिशेब मांडला तर ज्वारीत काहीच उरत नाही, आणि तरी दिवाळीनंतर बघावं तर सगळं शिवार ज्वारीनं भरलेलं. मग लोक ती का पेरतात, पहिल्या वर्षी आपण काय पेरावं, आणि गावात जुळवून कसं घ्यावं?

मी याच काळ्या रानात पस्तीस वर्षं शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, पेरतोय. तुमचे तिन्ही प्रश्न मला एकच वाटतात, म्हणून उत्तरही एकत्रच देतो.

आधी हिशेब. तुम्ही एकरी पाच क्विंटल धान्य धरलंय, ते बरोबर आहे. मध्यम रानात, बऱ्या वर्षात तेवढं निघतं; हस्तानं दगा दिला तर दोनावर येतं. 2024-25 साठी मालदांडी या रब्बी ज्वारीच्या वाणाचा हमीभाव क्विंटलला 3421 रुपये होता, म्हणजे पाच क्विंटलचे सतरा हजार शंभर. चांगल्या टपोऱ्या शाळूला बाजारात कधी याहून जास्तही भाव मिळतो. त्यातून नांगरट, पाळी, पेरणी, कोळपणी, काढणी, खुडणी, मळणी वजा केली की हातात फार काही राहत नाही, हे खरंच. पण तुमच्या कागदावर कडब्याची ओळच नाही. एक एकर मध्यम रान वीस-बावीस क्विंटल वाळला कडबा देतं. दुभतं जनावर दिवसाला सहा-सात किलो खातं. म्हणजे एका एकराचा कडबा हा साधारण एका जनावराचा वर्षाचा चारा झाला. दावणीला दोन म्हशी असतील तर त्यांचं पोट दोन एकरांच्या धाटांवर चालतं, आणि रोजच्या दुधाचा पैसा दर दहा दिवसाला घरात येतो. त्या पैशावर किराणा, शाळेची फी, दवाखाना. शेण रानात परत जातं. घरची वर्षाची भाकरी तर वेगळीच. हे सगळं एकाच पेऱ्यातून निघतं, म्हणून गाव ज्वारी सोडत नाही.

हे मी शहाणपणानं सांगत नाही, चुकून शिकलोय. काही वर्षांपूर्वी बोअरला चांगलं पाणी लागलं आणि मी चार एकर शाळूचं रान मोडून ऊस लावला. दोन वर्षं पैसा दिसला. कडबा विकत घ्यायला लागलो तरी काही वाटलं नाही, कारण उसाचं वाढं, म्हणजे वरचे हिरवे शेंडे, चाऱ्याला होतं. तिसऱ्या वर्षी पाऊस गेला. डिसेंबरातच बोअर गुळण्या टाकायला लागलं, फेब्रुवारीत बंद पडलं. ऊस उभा वाळला. त्याच साली कडब्याचा भाव असा चढला की शेकडा पेंढ्या घेताना हात आखडायचा. शेवटी तीन म्हशींतल्या दोन बाजारात नेल्या. दुष्काळात विकणारे शंभर आणि घेणारे चार, तेव्हा मिळेल त्या भावाला दिल्या. शेजारच्या बांधावर ज्याची ज्वारी होती त्याला धान्य दोनच क्विंटल झालं, पण कडब्याची गंजी लागली आणि त्याची जनावरं दावणीलाच राहिली. त्या उन्हाळ्यात त्याची गंजी रोज माझ्या डोळ्यांपुढे होती.

आता जमिनीकडे येऊ. आपल्याकडे पाऊस वर्षाचा पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर, आणि तोही सरळ येत नाही. मृगात थोडा पडतो, आषाढ-श्रावणात आभाळ नुसतं ढकलत जातं, आणि खरा पाऊस उत्तरा-हस्ताचा, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. म्हणून आपलं मुख्य पीक खरिपाचं नाही, रब्बीचं. शाळू पेरला की त्यावर पुढे पाऊस पडेल अशी आशाच धरायची नाही. काळी माती पावसाळ्यात जे पाणी पोटात धरून ठेवते त्यावरच तो दाणा भरेपर्यंत येतो. मग शेतकऱ्याचं काम राहतं ते एवढंच की पडलेला थेंब रानाबाहेर जाऊ द्यायचा नाही, आणि मुरलेला थेंब उडून जाऊ द्यायचा नाही. बाकी सगळी मशागत या दोन गोष्टींभोवती आहे.

म्हणून जुलैच्या पहिल्या आठवड्यात, रान मोकळं असतानाच, उताराला आडवे साधारण दहा मीटरचे वाफे पाडून घ्या. सप्टेंबरातला जोराचा पाऊस त्या वाफ्यांत अडतो. याला खर्च फारसा येत नाही आणि फरक मात्र नजरेला दिसतो. पावसात उघडीप मिळेल तशी कुळवाची पाळी देत राहा, तण राहू देऊ नका; तण म्हणजे ज्वारीच्या तोंडचं पाणी.

दुसरं, आपलं रान ओळखा. सहा एकर सगळं एकसारखं नसणार. कुदळ घ्या आणि वरच्या अंगाला, मधे आणि ओढ्याकडे असे तीन खड्डे खणा. मुरूम एक फुटावर लागला तर ते हलकं रान. दोन फुटांपर्यंत माती असेल तर मध्यम. त्याखालीही काळीच निघत राहिली तर भारी. वाण यावरूनच ठरतो. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे वाण मी गेली कित्येक वर्षं लावतोय: हलक्याला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा किंवा फुले यशोदा. आणि आपला जुना मालदांडी 35-1, जो स्वातंत्र्याच्याही आधी मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्थानिक मालदांडीतून निवडला गेला, तो मध्यम रानात अजून उभा आहे. मंगळवेढ्याच्या मालदांडीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. भाकरीच्या चवीला माझ्या घरात अजून त्याचाच आग्रह असतो.

पेरणी 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर या महिन्यात. लवकर पेरलं तर खोडमाशी पोंगा मारते, उशीर केला तर ओल खाली जाते आणि दाणा भरत नाही. या महिन्यात नेमकी कोणती तारीख, हे कॅलेंडर सांगत नाही, मूठ सांगते. पाऊस उघडून वाफसा आला की रानात बोटभर खोल उकरा, मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेएवढ्या उंचीवरून खाली सोडा. गोळा जसाच्या तसा राहिला तर रान अजून ओलं आहे, तिफण गाळात लोळेल. पडून चार-सहा तुकडे झाले तर त्याच दिवशी पेरा. नुसता भुगा झाला तर तुम्हाला दोन दिवस उशीर झालाय. आमच्याकडे एक तात्या होते, गावातली निम्मी पेरणी त्यांच्या गोळ्यावर ठरायची. ते गोळा टाकायचे, वाकून बघायचे आणि काही न बोलता घरी जायचे. ते घरी बियाणं काढायला गेले की मागोमाग सगळे जायचे.

एकरी चार किलो बी पुरतं. किलोला चार ग्रॅम 300 मेश गंधक चोळा, कणसाला काणी हा बुरशीचा रोग येत नाही. दोन ओळींत 45 सेंटिमीटर, दोन रोपांत 15. खत पेरतानाच बियाखाली पडू द्या. मध्यम रानाला एकरी 35 किलो युरिया आणि 50 किलोचं एक पोतं सुपर फॉस्फेट. कडेनं करडईच्या चार ओळी टाका, काट्यामुळे जनावर आत शिरत नाही आणि घरचं तेल होतं.

पेरल्यानंतर लोक निवांत होतात, आणि तिथेच पीक जातं. कोळपणी, म्हणजे पिकाच्या ओळींमधली माती कोळप्यानं हलवणं, तीनदा झाली पाहिजे: तीन आठवड्यांनी फटीच्या कोळप्यानं, पाच आठवड्यांनी पासेच्या आणि आठ आठवड्यांनी दातेरी कोळप्यानं. तोवर रानाला भेगा पडायला लागलेल्या असतात. डिसेंबरात सकाळी त्या भेगेत हात घालून बघा, कोपरापर्यंत जातो आणि आतली माती गार लागते. त्या गारव्यावरच पीक उभं आहे आणि भेगेतून तो रोज उडतोय. दातेरी कोळप्यानं वरची माती सुटी होऊन भेगेत पडते, तोंड बुजतं. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी असं म्हणतात, आणि कोळपलेलं नि न कोळपलेलं रान शेजारी शेजारी पाहिलं की ते पटतं. आता बहुतेकांकडे बैल नाहीत, आणि वाढलेल्या पिकात ट्रॅक्टर जात नाही. म्हणून तिसरी कोळपणी सर्रास राहते. ती राहू देऊ नका. ज्याच्याकडे खिलारी जोडी आहे त्याच्याशी पेरणीच्या आधीच बोलून ठेवा.

इथून तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला सुरुवात होते.

शाळू एकट्या माणसाला काढता येत नाही. आपल्याकडे रब्बी ज्वारी कापत नाहीत, मुळासकट उपटतात. फेब्रुवारीत रान टणक झालेलं असतं; धाट दोन्ही हातांनी धरून, पाय रोवून, कंबरेतून झटका द्यावा लागतो. दुपारपर्यंत तळहाताला फोड येतात. मग धाटं ओळीनं पडतात, मागून बाया कणसं खुडत येतात, पेंढ्या बांधल्या जातात. सहा एकराला नवरा-बायको दोघं लागलात तर महिना जाईल, आणि तोवर कणसातला दाणा गळेल, पाखरं खातील. मजूर मिळत नाही, मिळाला तर सगळ्यांना एकाच आठवड्यात हवा असतो. इथे जुनी सावड उपयोगाला येते. आज पाच घरची माणसं तुमच्या रानात, उद्या तीच पाचजणं शेजाऱ्याच्या. पैसा नाही, दिवसाला दिवस. पूर्वी इर्जिक असायची, गावातले सगळे नांगर एका दिवशी एकाच्या रानात यायचे आणि रात्री त्याच्या घरी जेवण. एकेक बैल असलेले दोघं वारंगुळा करून जोडी जुळवायचे. इर्जिक आता क्वचितच दिसते, सावड मात्र ज्वारीच्या रानात अजून जिवंत आहे, कारण ज्वारीला तिच्याशिवाय चालत नाही.

पण सावडीत कुणी बोलावत नाही. आधी तुम्ही जावं लागतं. म्हणून पहिल्या वर्षी तुमचं पीक काढायला येण्याच्या आधी चार जणांच्या काढणीला स्वतः उभे राहा. उपटायला जमणार नाही, पेंढ्या वाहा, पाणी आणा. वहिनींनी बायांबरोबर खुडायला बसावं. गावातली निम्मी माहिती खुडणीच्या ओळीत मिळते: कुणाची म्हैस विकायची आहे, कुठला डॉक्टर बरा, शाळेत कोणते गुरुजी मन लावून शिकवतात. माझी बायको लग्न होऊन आली तेव्हा या गावात तिला कुणी ओळखत नव्हतं. तिच्या सगळ्या मैत्रिणी तिला पहिल्या सुगीत मिळाल्या.

सणांचं तुम्ही विचारलंय. आपले सण रानाच्या कामांवर बेतलेले आहेत, म्हणून वेगळे पाठ करायला लागत नाहीत. पाडव्याला सालगड्याचं साल बदलतं. आषाढात पंढरीची वाट माणसांनी भरते. पंढरपूर आपल्यापासून पंचवीस किलोमीटरच्या आत, आणि रब्बीच्या मुलखातल्या माणसाला त्या दिवसांत जरा उसंत असते, त्यामुळे घरटी एक जण तरी जातोच. त्याच सुमाराला बेंदूर. ज्यांचे बैल गेले त्यांच्या घरीही मातीचे बैल पुजतात. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी. मग गावची जत्रा, तिची वर्गणी. ही वर्गणी मागायला येतील तेव्हा घासाघीस करू नका. रक्कम छोटी चालेल, पण बसवून चहा द्या आणि जत्रेच्या एखाद्या कामाची जबाबदारी मागून घ्या. पैसे दिलेला माणूस लोकांच्या लक्षात राहत नाही, पंगतीत वाढलेला राहतो.

वेळ अमावस्येवर मात्र थोडं थांबतो. मार्गशीर्षातली अमावस्या, आपल्या भागात येळवस. लातूर-धाराशिवकडे तर हा वर्षातला सगळ्यात मोठा सण. ज्वारी पोटऱ्यात किंवा निसवायला लागलेली, म्हणजे कणसं बाहेर पडायच्या बेतात, आणि हरभरा घाट्यावर. आदल्या रात्री घराघरात चूल विझत नाही. सकाळी डोक्यावर पाट्या घेऊन सगळं घर रानात निघतं. रानात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करतात, तिच्यात पाच दगड मांडून चुना लावतात, ते पांडव. नैवेद्याला भज्जी, बाजरीचे उंडे, खिचडा आणि मातीच्या गाडग्यात ताकातली आंबील. मग घरातला कर्ता आंबिलीचं भांडं घेऊन पिकाभोवती फेरी मारतो आणि ज्वारीच्या पानानं चारी बाजूंना शिंपडत जातो. त्या दिवशी रानात जो येईल तो जेवून जातो, ओळख विचारत नाहीत. माझे वडील गेले त्या वर्षी ते भांडं पहिल्यांदा माझ्या हातात आलं. तोवर रान वडिलांचं होतं. त्या फेरीत मला पहिल्यांदा कळलं की आता हे माझ्याकडे आहे. तुम्ही त्या दिवशी रानात असा. पुण्यातले मित्र बोलवा, आणि शेजारच्या पाच घरांना आधी बोलवा.

येळवशीनंतर महिनाभरात हुरडा. शेणाच्या गोवऱ्यांची आगटी, त्यात कोवळी कणसं, आणि गरम गरम हातावर चोळून पाखडलेला दाणा. सुरती किंवा गूळभेंडीच्या दोन ओळी मुद्दाम हुरड्यासाठी लावा. हे दिवस राखणीचेही असतात. पहाटे आणि तिन्हीसांजेला पाखरांचे थवे उतरतात, माळ्यावर गोफण घेऊन कुणीतरी उभं राहावंच लागतं. मुलांना हे काम द्या, त्यांना ते फार आवडेल.

जमिनीच्या कागदांचं पटकन सांगतो. वारस नोंद झाली का ते सातबारा आणि आठ-अ काढून पाहा. हंगाम सुरू झाला की मोबाइलवर ई-पीक पाहणी स्वतः करा, नाहीतर नुकसानभरपाईच्या वेळी रान पडीक दिसतं. बांधाची शंका असेल तर भूमी अभिलेखकडे सरकारी मोजणी मागा, पण अर्ज टाकण्याच्या आधी शेजाऱ्याच्या घरी जाऊन सांगा की मी मोजणी आणतोय, दोघं मिळून उभे राहू. वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला तर तहसीलदाराकडे मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली अर्ज होतो. रस्ताच नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली मागता येतो. मी बांधावरून तीस-तीस वर्षं न बोलणारे सख्खे भाऊ पाहिलेत. दोन ओळींच्या मातीसाठी असं काही होऊ देऊ नका.

तुम्ही डाळिंब आणि शेडनेटचंही विचारलंय. नाही म्हणत नाही. सांगोल्यानं डाळिंबावर घरं बांधलीत. पण पहिली दोन वर्षं त्यात पडू नका, कर्ज तर काढूच नका. आधी सहा एकर शाळूच्या नजरेनं फिरा. कुठे पाणी थांबतं, कुठे लवकर वाळतं, कुठलं टोक नेहमी पिवळं पडतं, हे दोन सुगीत कळेल. मग ठरवा. ठरवलं तरी किमान दोन एकर ज्वारीला राहू द्या. 1972 ला मी आठ वर्षांचा होतो. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि घरात मिलोची तांबडी भाकरी असायची, परदेशातून आलेल्या ज्वारीची. ज्या मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार म्हणतात, जिथे दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाची कोठारं लोकांसाठी उघडली असं आपण लहानपणापासून ऐकतो, तिथे आम्ही बाहेरून आलेलं धान्य रेशनवर घेत होतो. आमच्या वाड्यातलं पेव, म्हणजे धान्य साठवायचं जमिनीखालचं कोठार, त्या साली तळापर्यंत रिकामं झालं. नंतर भरलं तेव्हा आजोबांनी ते तीन वर्षं उघडू दिलं नाही. घरात वर्षाचं धान्य असल्याशिवाय माझ्या आईला अजून झोप लागत नाही, आणि तिचं बरोबर आहे असं मला वाटतं.

शेवटी बियाण्याचं. फुले सुचित्रा किंवा वसुधाचं पायाभूत किंवा प्रमाणित बी विद्यापीठाकडून किंवा महाबीज या राज्याच्या बियाणे महामंडळाकडून मिळेल, ते जरूर आणा. हे सरळ वाण आहेत, संकरित नाहीत, त्यामुळे चांगली कणसं निवडून दोन-तीन वर्षं घरचंच बी वापरता येतं. पण एका एकरापुरतं मालदांडीचं बी दुकानातून घेऊ नका. पितृपक्षाच्या सुमाराला शेजाऱ्याकडे जा आणि चार किलो मागा. तो कोठीतून काढून, पाखडून, वेगळं बांधून देईल आणि पैसे घेणार नाही. मार्चमध्ये तुमची रास झाली की पहिल्या मापातून पाच किलो त्याच्या घरी स्वतः नेऊन द्या. चाराचे पाच, ही आपल्याकडची सवाई आहे. ते घेताना तो तुमच्या ज्वारीचे चार दाणे दाताखाली धरून बघेल, आणि पुढच्या वर्षी काय करायचं ते तिथेच सांगेल.